आलोन, एला आणि ओक : हे झाड कोणाचे?



यंदा तू बिश्वात २ फेब्रुवारीला, सोमवारी आला. मी तेव्हा लेकीकडे होते, आयर्लंडमध्ये, डब्लिन शहराच्या कडेला असलेल्या ब्लँचर्डस्टाउनला. बेरशेवाला असते तर आदल्या संध्याकाळी चार घरच्या बायका जमल्या असत्या, नारळ खवायला दोघी, फळे कापायला दोघी. इथे आम्ही घरचे चौघेच. तरी मलिद्याचे ताट केले. पोहे इथल्या भारतीय दुकानात मिळतात, नारळही मिळतो. वेलची मी येताना पिशवीतून आणतेच. पाच प्रकारची फळे मांडली, जावयाने बेराखा म्हटल्या, एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले. कोकणात हाच दिवस एलियाहू हन्नाबीच्या उरुसाचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला माणसे लोटत, आणि खडकावरच्या टापांच्या व रथाच्या चाकांच्या खुणा आम्हा मुलांना उचलून उचलून दाखवल्या जात.

योगायोग असा की त्याच सोमवारी इथे सरकारी सुट्टी होती. सेंट ब्रिजिड ही आयर्लंडची मोठी संत. तिचा दिवस १ फेब्रुवारीचा, आणि २०२३ पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी देतात. तिच्या दिवसासाठी शाळांतून मुले लव्हाळ्याच्या काड्यांचा चार हातांचा क्रूस विणतात. माझी नऊ वर्षांची नात असा एक क्रूस विणून घरी घेऊन आली. काम सुबक होते, काठही नीट बांधलेले. लेकीने तो काही न बोलता ड्रॉवरमध्ये ठेवला. नातीने ते पाहिले आणि माझ्याकडे आली.

“आजी, बाईंनी सांगितलं की ब्रिजिड ओकच्या झाडाखाली राहायची. आणि तू सांगितलं होतंस की अव्राहाम ओकच्या झाडाखाली बसला होता. मग हे झाड त्यांचं की आपलं?”

तीस-बत्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. मुलाने प्रश्न विचारला की उत्तर तिथल्या तिथे द्यायचे, हा माझा नेम. त्या दिवशी मात्र मी “नंतर सांगते” म्हणून सुटका करून घेतली. तेव्हापासून घरात आहेत ती पुस्तके काढून बसले, जुने वाचलेले आठवले. जे जमले ते आपल्यापुढे ठेवते.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ, कारण आपल्या पिढीने ते झाड लहानपणी पाहिलेच नव्हते. कोकणात ओक नाही. हिमालयात कुमाऊँकडे त्याच्या जाती आहेत, तिकडे त्याला बांज म्हणतात. पण सह्याद्रीच्या रानात वड, पिंपळ, ऐन, किंजळ. आम्हाला माहीत असलेला ‘ओक’ म्हणजे चित्पावनांतले एक आडनाव. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत असताना इंग्रजीच्या धड्यात ओकचे झाड आले, तेव्हा अर्धा वर्ग हसला होता. मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यांपुढेही हीच अडचण आली असावी. त्यांनी काही ठिकाणी सरळ हिब्रू शब्दच ठेवून ‘एलोन झाड’ असे लिहिले. आम्ही ते वाचले आणि एलोन म्हणजे काय हे कोणालाही विचारले नाही.

तनाखमध्ये दोन झाडे आहेत आणि त्यांची नावे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की मोठमोठे पंडित चकले. एक आलोन, दुसरे एला. आलोन म्हणजे ओक. त्याच्या फळाला हिब्रूत बलूत म्हणतात. टोपी घातलेल्या सुपारीसारखे ते दिसते. एला हे वेगळेच झाड. त्याला डिंकासारखी राळ येते आणि बारीक लालसर फळांचे घोस लागतात. ते पिस्त्याच्या जातीचे आहे. आता कोकणच्या माणसाला आवडेल अशी गोष्ट सांगते: वनस्पतिशास्त्रात पिस्ता, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे आहेत. म्हणजे दाविद आणि गोल्याथ ज्या एलाच्या खोऱ्यात समोरासमोर आले, त्या खोऱ्याचे नाव आपल्या आंब्या-काजूच्या दूरच्या भाऊबंदावरून पडलेले आहे. बेथ शेमेशजवळच्या त्या खोऱ्यात आपल्यातले कितीतरी जण सहलीला गेले असतील.

राजपुत्र अव्शालोम खेचरावरून पळताना ज्या झाडात डोके अडकून लोंबकळला, तेही एलाच. इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांत त्याला रुंद, वळणदार पानांच्या विलायती ओकला टांगलेले दाखवतात. चित्रकाराने आपल्या गावातले झाड काढले, दुसरे काय! इस्रायलच्या डोंगरांत जो ओक सर्वत्र दिसतो, तो आलोन मात्झूय, त्याची पाने बोटाच्या पेराएवढी, कडेला काटे असलेली आणि बारा महिने हिरवी. खालच्या गालीलमधला आलोन ताबोर मोठा होतो आणि पाने गाळतो, पण त्याचेही पान आयर्लंडच्या ओकसारखे नाही. नातवंडांना चित्र दाखवताना एवढे सांगावे.

आपल्याकडे आज घरोघरी आलोन नावाचे नातू आहेत आणि एला नावाच्या नाती आहेत. मला गंमत वाटली ती ही की आयर्लंडमध्येही मुलांना डारा हे नाव ठेवतात. आयरिश भाषेत दार म्हणजे ओक.

आता अव्राहाम अवीनूकडे वळू. कनानात आल्यावर त्यांचा पहिला मुक्काम कुठे पडला? शेखेमजवळ, एलोन मोरे येथे. पुढे लोटापासून वेगळे झाल्यावर त्यांनी तंबू ठोकला तो हेव्रोनजवळ, एलोनी ममरे येथे. तिथेच दिवसाच्या उन्हाच्या वेळी ते तंबूच्या दारात बसले होते, तीन परके वाटसरू आले आणि अव्राहामांनी त्यांना झाडाखाली बसवून पाय धुवायला पाणी दिले, जेवू घातले. त्या जेवणातच साराला मुलगा होईल हे सांगितले गेले. आपले पहिले आतिथ्य झाडाच्या सावलीतले आहे.

पण इथेच एक अडचण आहे. ओंकेलोसच्या अरामी तारगूममध्ये एलोनी ममरे याचा अर्थ ‘ममरेची मैदाने’ असा केला आहे. झाडे गेली, सपाट जमीन आली! जुन्या इंग्रजी बायबलातही त्यामुळे मैदानच आहे. काही अभ्यासकांना वाटते की हे मुद्दाम केले असावे, लोकांनी अव्राहामाच्या नावावर झाडाची पूजा सुरू करू नये म्हणून. मला हे पटते. कारण तनाखात पुढे पुढे झाडाविषयीचा सूर बदलत जातो.

याकोव लाबानाकडून परत आल्यावर आपल्या माणसांकडून परके देव आणि कानांतली कुंडले काढून घेतात आणि शेखेमजवळच्या एलाखाली पुरतात. यहोशुआ आपल्या अखेरच्या दिवसांत लोकांना शेखेमला जमवून करार करतात आणि त्याची साक्ष म्हणून मोठा धोंडा झाडाखाली उभा करतात. गिदोनला दूत भेटला तोही एलाखाली बसलेला. इथवर झाड म्हणजे भेटीची जागा, साक्षीची जागा. पण देवारीम या पुस्तकात मोशे रब्बेनूंनी आधीच बजावले आहे की परमेश्वराच्या वेदीपाशी पूजेचे झाड लावू नका. आणि पुढे होशेया, यशाया, यहेज्केल हे नबी तर झाडांखालच्या धूपावर तुटून पडतात. होशेयाने कारण दिले आहे ते मला फार माणसासारखे वाटते. लोक आलोन आणि एला यांच्याखाली धूप का जाळतात? तर तिथली सावली चांगली असते म्हणून! उन्हाच्या देशात माणूस आधी सावलीला बसतो, मग सावलीचे आभार मानतो, मग झाडाला हात जोडतो. पायरी पायरीने होते ते. यशायाने तर सुताराचे उदाहरण दिले आहे: तो रानातले लाकूड आणतो, अर्ध्यावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याची मूर्ती करून तिच्या पाया पडतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अलिबागला मावशीकडे जात असू, इस्रायल आळीत. एका वर्षी वटपौर्णिमा सुट्टी संपायच्या आत आली. शेजारच्या काकू नटूनथटून वडाला सूत गुंडाळीत होत्या. मी सात-आठ वर्षांची. त्यांच्या मागोमाग सूत धरून मीही चालू लागले. आईने लांबून हाक मारली. ओरडली नाही. मला पारावर बसवले, काकूंनी दिलेली आंब्याची फोड खाऊ दिली आणि म्हणाली, “सावलीत बस, पण फेरी घालू नको.” काकूही हसल्या, त्यांनाही ते ठाऊक होते. आपण शनिवार तेली कित्येक पिढ्या कोकणात देवरायांच्या शेजारी राहिलो ते याच हिशेबाने. आईने मिश्ना वाचली नव्हती. नंतर मी जेव्हा अवोदा झारा या भागात रब्बी अकिवांचे म्हणणे वाचले, की जिथे उंच डोंगर आणि हिरवेगार झाड दिसेल तिथे मूर्तिपूजा होत असणार असे समजा, तेव्हा मला पार आठवला.

रब्बींची ही काळजी उगीच नव्हती, हे ममरेच्या पुढच्या इतिहासावरून कळते. तो इतिहास आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

दुसऱ्या बेथ हामिकदाशच्या काळातला इतिहासकार योसेफस याने हेव्रोनच्या झाडाचा उल्लेख दोनदा केला आहे. एका ग्रंथात तो त्याला ओक म्हणतो, दुसऱ्यात एला. वर सांगतो की लोक म्हणतात, हे झाड जगाच्या उत्पत्तीपासून उभे आहे. त्या जागेभोवती मोठ्या दगडांची भिंत होती. तिचे अवशेष हेव्रोनच्या उत्तरेला रामात एल-खलील येथे आजही दिसतात. बार कोखबाचे बंड इ. स. १३५ मध्ये मोडले गेले, तेव्हा रोमनांनी पकडलेल्या यहुदी कैद्यांना त्या झाडापाशी भरणाऱ्या जत्रेत गुलाम म्हणून विकले. ख्रिस्ती पंडित जेरोम याने हे नोंदवून ठेवले आहे. अव्राहामांनी परक्यांना जेवू घातले त्याच झाडाखाली अव्राहामांची लेकरे विकली गेली.

यरुशलमी तालमूदमध्ये तीन जत्रांची नावे येतात, गाझाची, अक्कोची आणि बोत्नाची, आणि त्यांतली बोत्नाची सर्वात उघड मूर्तिपूजेची ठरवली आहे. बोत्ना म्हणजे एलाच्या जातीचे झाड. ही जत्रा ममरेचीच, असे अभ्यासक मानतात. आणि शब्द ओळखीचा वाटला ना? याकोवने मिसरच्या अधिकाऱ्यासाठी भेट म्हणून पाठवलेले बोत्नीम म्हणजे पिस्ते. आज आपण बाजारात बोत्नीम मागतो तेव्हा शेंगदाणे मिळतात. शब्दांचाही प्रवास होतो.

ख्रिस्ती लोक या गोष्टीत कधी आले? इ. स. ३२५ च्या सुमारानंतर. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याची सासू युट्रोपिया यात्रेला आली होती. झाडापाशी मूर्ती, वेदी आणि बळी पाहून तिने जावयाला कळवले. बादशहाने हुकूम काढला: मूर्ती जाळा, वेदी पाडा, तिथे चर्च बांधा. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे त्या तीन पाहुण्यांत त्यांचा ख्रिस्त होता. म्हणून ती जागा त्यांचीही. चर्च झाले. पण जत्रा थांबली का? शंभर वर्षांनी सोझोमेन नावाच्या लेखकाने, जो गाझाजवळचाच राहणारा होता, तिचे वर्णन लिहिले आहे. उन्हाळ्यात जत्रा भरे. पॅलेस्टाइनचे, फिनिशियाचे, अरबस्तानचे लोक येत. यहुदी येत, कारण अव्राहाम त्यांचे पूर्वज. मूर्तिपूजक येत, कारण तिथे दूत उतरले. ख्रिस्ती येत, कारण त्यांच्या मते तिथे ख्रिस्त दिसला. कोणी प्रार्थना करी, कोणी दारू ओती, धूप जाळी, बैल, बोकड, मेंढा किंवा कोंबडा अर्पण करी. विहिरीच्या काठी दिवे लावत, आत पोळ्या आणि नाणी टाकत. त्यामुळे त्या दिवसांत तिचे पाणी कोणी पिऊ शकत नसे. सगळे उघड्यावर तंबू ठोकून एकत्र राहत, तरी पुरुष आपल्या बायकांपासूनही व्रताने दूर राहत. हे वाचताना मला आपल्या कोकणातला उरूसच डोळ्यांपुढे आला. खंडाळ्याच्या खडकापाशी आपण कधी दिवा लावतो, कधी नवस बोलतो, तेव्हा आपण नेमके कुठे उभे असतो, हे स्वतःला विचारायला हरकत नाही. आपण खडकाला मानत नाही, नबीची आठवण मानतो. पण मधली रेघ बारीक आहे.

आता हेव्रोनमध्ये ‘अव्राहामाचा ओक’ म्हणून दाखवतात तो या जागेवरचा नाही. तो शहराच्या पश्चिमेला, रशियन चर्चच्या आवारात आहे. रशियन धर्मगुरू अँटोनिन यांनी १८६८ मध्ये ती जमीन घेतली. झाड आलोन मात्झूयच्या जातीचे, अतिशय जुने होते, बुंधा लोखंडी आधारांनी तोलून धरलेला असे. ते १९९६ मध्ये वठले. १९९८ मध्ये मुळापासून एक कोंब फुटलेला दिसला. यशाया नबीने इस्राएलच्या उरलेल्या लोकांना आलोन आणि एला यांचीच उपमा दिली आहे, तोडले तरी बुंधा राहतो अशी. ती कोणाला आठवल्यावाचून राहणार नाही.

नातीचा प्रश्न मात्र आयर्लंडचा होता. युरोपात ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा तिथल्या लोकांचेही पूजेचे ओक होते. गॉल देशातले द्रुइड पुजारी ओकवरचे बांडगूळ सोन्याच्या कोयत्याने कापत, असे रोमन लेखक प्लिनीने लिहिले आहे. जर्मनीत हेस्से प्रांतात गाइस्मार येथे गडगडाटाच्या देवाचा एक प्रचंड ओक होता. इंग्लंडहून आलेला धर्मप्रचारक बोनिफास याने सुमारे ७२३ साली लोकांच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर कुऱ्हाड घातली. त्याच्या चरित्रात लिहिले आहे की जोराचा वारा आला आणि झाडाचे चार तुकडे झाले. देवाने शिक्षा केली नाही हे पाहून लोक ख्रिस्ती झाले आणि त्याच लाकडाचे चर्च उभे राहिले. गिदोननेही बापाच्या घरची बआलची वेदी फोडली आणि तिच्याजवळचा पूजेचा खांब तोडून त्याचे सरपण केले होते. म्हणजे या वागण्याचा धडा बोनिफासला कुठून मिळाला ते उघड आहे.

आयर्लंडमध्ये मात्र कुऱ्हाड चालली नाही, झाडाखालीच मठ बांधले गेले. ब्रिजिडचा मठ जिथे होता त्या गावाचे नाव किल्डेअर, आयरिशमध्ये किल दारा, म्हणजे ओकचे चर्च. परंपरा सांगते की पाचव्या शतकाच्या अखेरीस तिने एका मोठ्या ओकखाली आपली झोपडी बांधली. उत्तरेकडचे डेरी शहर, त्याचे मूळ नाव दोइरे, म्हणजे ओकची राई. संत कोलमकिल याने तिथे सुमारे ५४६ साली मठ स्थापला असे सांगतात. त्याची गोष्ट अशी की राई इतकी दाट होती की प्रार्थनागृह रीतीप्रमाणे पूर्वेकडे तोंड करून बांधायचे तर झाडे तोडावी लागली असती. त्याने दिशा सोडली, झाडे ठेवली. त्याच्याच डरो या दुसऱ्या मठाच्या नावाचा अर्थ ओकचे मैदान. तिथल्या नावाने ओळखले जाणारे जुने हस्तलिखित आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे.

हा फरक का? एक कारण मला व्यवहाराचे दिसते. जुन्या आयरिश कायद्यात सात झाडे ‘रानातले सरदार’ मानली होती आणि ओक त्यांत अग्रभागी. त्याचे लाकूड घराला, होडीला लागे आणि त्याच्या फळांवर डुकरे पोसली जात. डुकरांचे नाव निघाल्यावर नातीने नाक मुरडले. मी म्हटले, झाडाचा त्यात काही दोष नाही. ज्या झाडावर गावाचे पोट चालते ते कोण पाडील? दुसरे कारण कदाचित स्वभावाचे. आयर्लंडमध्ये नवा धर्म तलवार घेऊन आला नाही. आणि ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडमधल्या धर्मप्रचारकांना लिहिलेच होते की जुनी देवळे पाडू नका, आतल्या मूर्ती काढा आणि तीच जागा वापरा. संतांनी जपलेली ती राने पुढे गेली ती वेगळ्या कारणांनी, जहाजे, पिंपे, शेती यांपायी. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जेमतेम एक टक्का जमिनीवर जंगल उरले होते. गावांच्या नावांत तेवढे ओक राहिले.

पण मला नातीला सांगायचे होते ते यापैकी काहीच नाही. मला सांगायचे होते आलोन बाखूतविषयी.

वायिश्लाख या पाराशात एक वाक्य येते आणि जाते. रिव्काची दाई देवोरा मरण पावली, तिला बेथ-एलच्या खाली आलोन झाडाखाली पुरले आणि त्या झाडाचे नाव आलोन बाखूत, म्हणजे रडण्याचा ओक, असे पडले. बस्स. नवल नाही का? रिव्का आमची माता; तिच्या मृत्यूचा उल्लेख तोरात कुठेच नाही. आणि तिच्या दाईचा आहे, झाडासकट, नावासकट. ही देवोरा कोण होती? रिव्का लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर माहेरून निघालेली बाई. ज्या देशात जन्मली तो सुटला, दुसऱ्यांची मुले वाढवली आणि वाटेत मेली. राशींनी इथे एक आगादा दिली आहे: ग्रीक भाषेत आलोन म्हणजे ‘दुसरे’. त्या झाडाखाली याकोवला दुसऱ्या दुःखाची बातमी कळली, आई गेल्याची. वीस वर्षे तो लाबानाकडे राबला, परत निघाला, आणि आई भेटलीच नाही.

मी १९७१ मध्ये अलिया केली. आई मुंबईला भावाकडे राहिली. १९७८ मध्ये मला ही लेक होणार होती, दिवस भरत आले होते, तेव्हा आई गेली. भावाने तार केली नाही. या अवस्थेत कळवू नये असे त्याला वाटले. बाळंतपण झाल्यावर त्याचे पत्र आले. मी तारखा मोजल्या: चौतीस दिवस झाले होते. आपल्याला ठाऊक आहेच, तीस दिवसांच्या आत बातमी आली तर पूर्ण शिव्हा. नंतर आली तर फक्त एक तास बसायचे. सिनेगॉगमधल्या वडीलधाऱ्यांना विचारले, तेही तेच म्हणाले. मी कपड्याला चीर दिली आणि जमिनीवर एक तास बसले. मांडीवर ही पोर होती. तास झाल्यावर तिला दूध हवे होते म्हणून उठले. भावाला मी कधी दोष दिला नाही, पण तो एक तास मला पुरला नाही. पुढे कित्येक वर्षे मी आलोन बाखूतचे वाक्य वर्गात शिकवताना घाईने पुढे जात असे.

हेच सांगावे म्हणून त्या आठवड्यात नातीला फिनिक्स पार्कला घेऊन गेले. ब्लँचर्डस्टाउनहून ते जवळच आहे, सतराव्या शतकात राखलेले शिकारीचे रान, सातशे हेक्टरांहून मोठे, हरणांचे कळप मोकळे फिरतात. तिथे ओक आहेत. फेब्रुवारीत फांद्या बोडक्या, टोकांशी फक्त कळ्यांचे झुबके. खाली गेल्या वर्षीची तपकिरी पाने पडलेली. तिने एक उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मी म्हटले, आपल्या आलोनचे पान याच्या चौथाईएवढे असते आणि टोचते. मग तिच्या प्रश्नाला उत्तर दिले, जे मला आईकडून मिळाले होते तेच: झाड कोणाचेही नाही, ज्याने निर्माण केले त्याचे. ब्रिजिड त्याच्याखाली राहिली, अव्राहामही बसले. सावलीत बस, पण फेरी घालू नको. तिला मराठी शब्द नीट कळले नाहीत, मी हिब्रूत सांगितले, तिने मान हलवली. मग देवोराची गोष्ट सांगितली. आईच्या पत्राचीही, थोडी.

क्रूसाचे काय करायचे हेही तिनेच ठरवले. शेजारी एक वयस्क आयरिश बाई राहतात, आमच्या शब्बाथला दिवा-बटण लागले तर विचारायला येतात, इतक्या सवयीच्या. तिने तो त्यांना नेऊन दिला. त्यांनी लगेच दारावर लावला. इकडे रीत आहे, वर्षभर ठेवतात. लेकीला माझ्याकडे पाहून जरा हसू आले.

पार्कमधून निघताना नातीने विचारले, “देवोराला परत घरी जायचं होतं का?”

मी म्हटले, तोरात लिहिलेले नाही. तेवढ्यात पाऊस आला, इथे तो न विचारता येतो, आणि आम्ही दोघी बसच्या थांब्याकडे चालू लागलो. पान तिने खिशात ठेवले होते.